मास्तर, गाडी ऑक्टोबरात नव्हे, मृगाच्या आत झाका

पत्र असं आहे:

«नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक, राहणार टिळकवाडी, बेळगाव. दोन वर्षांपूर्वी हौसेनं मागं जोडून ओढायची छोटी कॅरॅव्हॅन बांधून घेतली. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, दोघांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, चाळीस लिटरची पाण्याची टाकी. बोलेरोनं ओढतो. मुलगी-जावई इंग्लंडला असतात, त्यांच्याकडंही अशीच गाडी आहे. जावयांनी परवा हिवाळ्याच्या तयारीची लांबलचक यादी पाठवली. ऑक्टोबरअखेर पाणी काढा, नळ उघडे ठेवा, अँटिफ्रीज घाला, गाद्या घरात न्या, फ्रिजचं दार उघडं ठेवा, चाकांवरचा भार काढा, कव्हर घाला आणि गाडी थेट मार्चमध्ये उघडा, असं त्यात आहे. आमच्या घरी म्हणणं पडलं, ‘थंडीत फिरायचं नाही, तर मग गाडी घेतली कशाला?’ गेल्या पावसाळ्यापासून गाडीत कुबट वास येतो, डाव्या खिडकीखालचा प्लायही थोडा फुगलाय. जानेवारीत गाडी मनालीला न्यायचा विचार आहे. यादीतलं काय करू आणि काय सोडू?»

मास्तर, नमस्कार.

निकाल आधी सांगून टाकतो: वहिनी बरोबर आहेत. ऑक्टोबरअखेर गाडी झाकलीत तर वर्षातले सगळ्यात चांगले चार महिने ती परसात उभी राहणार. मार्चमध्ये कव्हर काढून मग फिरणार कुठं? चैत्र-वैशाखाच्या उन्हात, पत्र्याच्या डब्यात? जावईबापूंची यादी चुकीची नाही, ती इंग्लंडच्या हिवाळ्याची आहे, एवढंच. तिकडं गाडीचा शत्रू बर्फ, आपल्याकडं पाऊस. म्हणजे त्या यादीतली बरीचशी कामं आपल्याला रोहिणी नक्षत्र लागलं की करायची आहेत. गाडी मृगाच्या आत मिटायची आणि खंडेनवमीला उघडायची. तसंही त्या दिवशी आपण दारातली सगळी वाहनं धुऊन, हार घालून उभी करतोच की.

यादी तशी का आहे ते बघू, म्हणजे काय सोडायचं ते आपोआप कळेल. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. रात्री पारा शून्याखाली उतरला की नळीच्या वाकात, नळाच्या पोटात, गिझरमध्ये राहिलेलं कपभर पाणीसुद्धा प्लास्टिक तडकवतं. ते कळतं मार्चमध्ये, टाकी भरून पंप चालू केल्यावर. म्हणून तिकडची माणसं सगळे नळ उघडे ठेवतात, गरम-थंड पाण्याची दांडी एकच असेल तर ती मधोमध ठेवतात, शॉवर खाली सोडतात, पंप काढून झटकतात. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पौषात पहाटे दूध आणायला निघालं की कानाला मफलर लागतो. पण नळातलं पाणी गोठेल अशी थंडी काही आपल्याकडं पडत नाही. तेव्हा अँटिफ्रीज यादीतून खोडा.

खोडा म्हणतोय ते आणखी एका कारणानं. इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात अँटिफ्रीज मागितलंत तर पोरगा रेडिएटरचं हिरवं कूलंट काढून हातात देईल. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. प्यायच्या पाण्याच्या टाकीत त्याचा थेंबही जाता कामा नये. परदेशात पाण्याच्या लाइनीत घालतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, निराळं असतं.

पाणी मात्र काढायचंच, पण पावसाळ्याच्या तोंडावर. चार महिने साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं आणि झाकण नीट बसलं नसेल तर डासही होतात. खंडेनवमीला टाकी भरताना पहिल्या पाण्यात क्लोरीनचं औषध घालून काही तास तसंच ठेवा, नळांतूनही थोडं सोडा, मग वास जाईपर्यंत दोन-तीनदा खळखळून काढा. पाणी झालं.

आता खरं दुखणं. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला सगळ्या यादीपेक्षा जास्त टोचलं: «प्लायही थोडा फुगलाय.» मास्तर, हे ‘थोडा’ काही खरं नव्हे. प्लाय फुगलेला डोळ्याला दिसतो तोवर आतलं लाकूड कितीतरी दिवस ओलं असतं. आज संध्याकाळी चहा झाला की एक काम करा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करून अंगठ्यानं दाबत दाबत वीत-दीड वीत खाली या, मग दुसऱ्या कोपऱ्याकडं सरका. कोरडा प्लाय टेबलासारखा लागतो. भिजलेला अंगठ्याखाली किंचित दबतो आणि पुन्हा वर येत नाही. कुजलेला असेल तर अंगठा चहात बुडवलेल्या खारीत गेल्यासारखा आत जातो. वाजवून बघितलं तर कोरडा ‘टक्’ बोलतो, ओला ‘भद्’. जिथं दबेल तिथं पेन्सिलनं खूण करा. सगळ्या खुणा जोडल्या की एक नकाशा तयार होतो. तो बहुतेक वेळा वरून अरुंद, खाली रुंद असतो, आणि त्याचं निमुळतं टोक तुम्हाला वरची वाट दाखवतं.

दोन सुया टोचून ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, एखाद्या इंटिरियरवाल्याकडं किंवा सुताराकडं असेल तर मागून आणा. तिकडं कॅरॅव्हॅनच्या सर्व्हिसिंगमध्ये दर वर्षी ही तपासणी होतेच. आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत असेल तर काळजी नाही. पंधरा ते वीसमध्ये असेल तर महिन्याभरानं पुन्हा मोजायचं. वीसच्या वर गेला तर पाणी कुठून तरी शिरतंय, असं धरून चालायचं.

आणि ते जिथं दिसतं तिथून शिरत नसतं, ही यातली सगळ्यात मोठी गंमत. छताची कड, खिडकीच्या चौकटीची वरची पट्टी, मागच्या दिव्याचा सांधा, एखादा ढिला रिव्हेट, अशा कुठूनही पाणी आत येतं आणि पत्र्यामागून उतरत जाऊन खिडकीखाली वर येतं. खिडकीखाली सिलिकॉन फासून उपयोग नाही. शोध असा घ्या: बागेची साधी पाण्याची नळी घ्या. वहिनींना टॉर्च घेऊन आत बसवा, किंवा तुम्ही बसा, त्या बाहेर राहतील, बाहेरचं काम सोपं आहे. पाणी आधी खालच्या सांध्यावर दहा मिनिटं सोडा, मग त्याच्या वरच्या, मग त्याच्याही वरच्या. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि कुठला सांधा दोषी ते कळत नाही. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं मात्र सांधे कधीही धुऊ नका. चांगला सांधासुद्धा तो उचकटतो.

सापडला की जुनं सगळं खरवडून काढा. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरा. चौकट उतरवून खाली ब्यूटाइलची चिकट पट्टी घाला, मग स्क्रू आवळा. मी इथं माती खाल्लीय म्हणून सांगतो. पहिल्या गाडीच्या वेळी हार्डवेअरच्या एका दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली, जुन्या लेपावर तसाच नवा लेप दिला. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड, आणि ॲल्युमिनियमला ते खातं, हे तेव्हा कुठं ठाऊक! दोन पावसाळ्यांत पट्टीखाली पांढरी भुकटी धरली. वर आणखी एक त्रास म्हणजे सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढं दुसरं काही धड चिकटत नाही. तेव्हा ट्यूब घेताना न्यूट्रल क्यूर (म्हणजे ॲसिड न सोडणारं सिलिकॉन) आहे का, किंवा एमएस पॉलिमर (सिलिकॉन नसलेला लेप) आहे का, ते वाचून घ्या. दुकानदार «सगळी एकच हो» म्हणाला तर ट्यूब खाली ठेवून निघून या.

मऊ पडलेला प्लाय वाळवून वाचत नाही, तो कापून काढायचा. नुसता ओला असेल तर आतली पट्टी उघडून ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन आठवडे दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाळवा आणि मीटरचा आकडा खाली आल्यावरच बंद करा. घाईनं वरून सनमायका मारला तर ओल आत कोंडली म्हणून समजा. नवा प्लाय घालताना आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. उद्यमबागेत चांगलं पत्र्याचं काम करणारे हात आहेत, पण पत्रा उघडायच्या वेळी तुम्ही तिथं उभे राहा. आत काय निघतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

ही डागडुजी झाली की पुढचा पावसाळा. कव्हर, म्हणजे आपल्या भाषेत ताडपत्री. जावईबापूंच्या कव्हरमधून हवा खेळते, त्या कापडाची गोष्ट वेगळी. आपण काय करतो? निळी प्लास्टिकची ताडपत्री आणतो, सुतळीनं चारही बाजूंनी घट्ट बांधतो आणि पाठ थोपटून घेतो. मीही थोपटली होती. मिरगात बांधली ती गणपतीत सोडली, मुंबईहून आलेल्या थोरल्या भावाला गाडी दाखवायला. ताडपत्री उचलली तर आतल्या बाजूनं पागोळ्या. दार उघडलं तर भिजलेल्या पोत्याचा भपकारा. गाद्यांवर हिरवट-काळे ठिपके, कपाटाच्या आत बोटभर पांढरी बुरशी. वाऱ्यानं ताडपत्री जिथं जिथं घासली होती तिथला रंगही गेलेला. भाऊ म्हणाला, «छान आहे रे», आणि बाहेरच उभा राहिला. पाऊस एक थेंब आत गेला नव्हता. जमिनीची वाफ आणि गाडीतली दमट हवा, हीच आत कोंडून तीन महिने शिजत होती.

म्हणून ताडपत्री नको, पत्र्याचं शेड. भिंती नकोत, चार खांब आणि दोन्ही बाजूंना उतार असलेलं छप्पर. छप्पर गाडीच्या पुढं हातभर तरी यायला हवं. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपत येतो. त्यामुळं गाडीची खिडक्या नसलेली किंवा कमी खिडक्या असलेली बाजू पश्चिमेला आणि दार पूर्वेला येईल अशी उभी करा. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी किंवा जुना पत्रा लावून झड अडवली तर आणखी बरं. आपल्याच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीला छत्री उलटी होते आणि अथणीला त्याच आठवड्यात लोक पेरणीसाठी आभाळाकडं बघत बसतात. टिळकवाडी या दोन्हींच्या मधली. पण तुमचं शेत खानापूरकडं असेल आणि गाडी तिथं ठेवणार असाल, तर हे दुप्पट मनावर घ्या.

जमीन कशी आहे तेही बघा. खाली फरशी किंवा मुरूम हवा. सौंदत्ती-अथणीकडच्या काळ्या रानात गाडी उभी करू नका. पावसात चाक रुततं, उन्हाळ्यात भेगा पडल्या की गाडी एका अंगावर झुकते. कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडताना गाडी स्थिर होईल इतकेच सोडा, त्यांनी गाडी उचलायची नाही, ते जॅक नव्हेत. आणि पुढचं तोंड किंचित वर ठेवून छतावर पाणी साचत नाही ना, ते एका पावसात छत्री घेऊन बघून या.

उघडीप पडली की गाडी उघडा. एवढं एक पाळलंत तर अर्धं काम झालं. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की आठवड्यातून एखादी दुपार मिळतेच. दारं, खिडक्या, कपाटं, फ्रिज, सगळं सताड उघडं टाका आणि चार वाजता न विसरता बंद करा. गाद्या पहिल्या पावसाआधीच घरात, माळ्यावर उभ्या करून ठेवा. ओल शोषणारे डबे विकत मिळतात, ते बंद कपाटात ठीक आहेत. आख्ख्या गाडीत ठेवलेत तर ते बेळगावचा पावसाळा शोषायला निघतात, आणि तुम्हाला रोज डबा ओतायचं काम लागतं. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर थिनर, पेट्रोल, स्पिरिट काहीही लावू नका, बारीक चिरा जाऊन काच आंधळी होते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. गाडीत टॉयलेट बसवलं असेल तर त्याच्या रबराला व्हॅसलीन किंवा गोडंतेल नको, सिलिकॉन स्प्रे मारा.

चाकांचं. मोठ्या मुक्कामाला गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण ऐका. ब्रेकच्या ड्रममध्ये ओल शिरते, ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटतात. खंडेनवमीला मी बोलेरो पहिल्या गिअरमध्ये टाकून ओढली, तर डावं चाक फिरायलाच तयार नाही. रबर घासत, आख्ख्या गल्लीला दाखवत आमची वरात निघाली. शेवटी मेस्त्रीनं जॅक लावून, चाक काढून, ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हातोडा मारला तेव्हा ‘टण्’ करून सुटलं. तेव्हापासून दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी पाचरी आणि हँडब्रेक मोकळा. गाडी उतारावर असेल तर मात्र आधी जागा बदला.

टायरवर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. कॅरॅव्हॅनचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो: नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक चिरा. तिकडं पाच वर्षांनंतर बदलायचा विचार करा म्हणतात, सात वर्षांच्या पुढं तर चालवूच नका असं सांगतात. आपल्या उन्हात मी सहाच धरतो. तुमची गाडी दोन वर्षांची, पण फॅब्रिकेटरनं टायर कधीचे बसवले ते कुणाला ठाऊक! वाचून बघाच. चाकांवरचा भार काढणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढं ढकला, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहत नाही.

बॅटरी साधी असेल तर काढून घरात आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. मीटरवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. याच्या खाली महिनोन्‌महिने पडून राहिली तर पुन्हा उभी राहत नाही.

गॅस. सिलिंडर बाहेर काढून ठेवणं सगळ्यांना कळतं. कळत नाही ती कुंभारीण. आपल्याकडं पावसाळ्यात आणि नंतरही ही माशी चिखलाची घरटी बांधते ना, खिडकीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात? तिला कॅरॅव्हॅनच्या तळातली गॅसची भोकं फार आवडतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर जातो. तीच लिंपून बंद झाली तर गळलेला गॅस जमिनीलगत राहणार आणि तुम्ही काडी ओढणार. खंडेनवमीला गाडीखाली आडवे पडा आणि टॉर्च मारून प्रत्येक भोक बघा. वरून बारीक जाळी लावली तर माशी येत नाही, गॅस जातो. उंदीर येतात म्हणून कुणी त्या भोकांत बोळे कोंबायला सांगितलं तर तो सल्ला झुगारा. शेगडीच्या जेटमध्येही चिखल किंवा कोळ्याचं जाळं सापडतं. ज्योत पिवळी, काजळी धरणारी आली की समजावं. जेट ब्रशनं किंवा हवेनं साफ करायचा, सुईनं कोरून भोक मोठं करायचं नाही. रबरी नळीवरची तारीख बघा, सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं. आणि थंडीत गाडीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं, हे कुणी केलंय असं ऐकलं तरी त्यांना चार शब्द सुनवा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास देऊन येत नाही.

उंदरांचं नाव निघालंच आहे. कार्तिकात भातकापणी झाली की रानातले उंदीर घरं शोधत निघतात. तुमच्या गाडीच्या वायरी त्यांना भाताच्या काडीसारख्याच. वायरी जिथून आत येतात त्या फटी स्टीलच्या काथ्यानं बुजवा. बिस्किटाचा चुरासुद्धा गाडीत राहू देऊ नका. डांबरगोळ्या टाकू नका, उंदीर जातील न जातील, पण गाद्यांचा वास तुम्हाला शिमग्यापर्यंत पुरेल.

एवढं झालं की फिरायला मोकळे. थंडीतल्या फिरण्याच्या दोन गोष्टी सांगतो.

एक, रात्री झोपताना छतावरची हवेची झडप बोटभर उघडी ठेवा. दोन माणसांच्या श्वासाची वाफ पहाटे काचेवर धरते, ओघळून खिडकीच्या खाचेत जाते आणि पुन्हा तुमच्या त्या प्लायमध्ये. सकाळी उठल्यावर काच फडक्यानं टिपून घ्या, मग चहा ठेवा. गाडीत भात शिजवायचा असेल तर खिडकी उघडून शिजवा.

दुसरी, अंधार पडल्यावर गाडी ओढू नका. गाळपाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, कुठल्याही रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागं दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. एकटी बोलेरो ऐन वेळी काढून घेता येते, मागं कॅरॅव्हॅन असताना नाही. तुमच्याही गाडीच्या मागं लाल चमकणारी पट्टी आडवी, काठाकाठापर्यंत लावा.

जोडण्याआधी नाकाचं, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या जोडणीच्या टोकाचं, वजन बघा. भरलेल्या गाडीच्या पाच ते सात टक्के भार बोलेरोच्या हुकवर यायला हवा. गाडी आठशे किलो असेल तर चाळीस ते छप्पन किलो. घरातला वजनकाटा घ्या, त्यावर जोडणीच्या उंचीचा लाकडी दांडका उभा करा आणि नाक त्यावर टेकवा. कमी आलं तर सामान पुढं सरकवा, नाही तर महामार्गावर ट्रक शेजारून गेला की गाडी शेपूट हलवायला लागते. मागच्या बाजूला पाण्याचे कॅन आणि तांदळाचं पोतं ठेवलं की हेच होतं. जोडणी सुटली तर ब्रेक ओढणारी तार असेल, तर ती बोलेरोच्या पक्क्या कडीत अडकवा, नुसती हुकच्या गोळ्यावर टाकू नका. चाकांचे नट आवळून निघालात तरी पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना लावा. निपाणीला चहाला थांबताच, तेव्हाच.

राहिली मनाली. जानेवारीत नको, मास्तर. दोन हजार किलोमीटरच्या वर ओढत न्यायचं, आणि तिथं पोचल्यावर जावईबापूंची यादी एका रात्रीत खरी होणार. नळ फुटतील. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन असतो, त्याची वाफ शून्याच्या आसपास व्हायची थांबते, मग सिलिंडर भरलेला असून शेगडी मिणमिणते. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालतो, पण आपल्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं. इथं भरलेलं डिझेलही कडाक्याच्या थंडीत गोठू लागतं. बर्फावर ट्रेलर ओढायचा सराव तुम्हाला नाही, मलाही नाही, आणि घाटात तो करायला जागा नाही. जायचंच असेल तर वैशाखात जा, किंवा रेल्वेनं.

जानेवारीत गाडी सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थच्या धरणाकडं काढा, पुढं बदामीपर्यंत जाऊन या. सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेची गर्दी असेल ते दिवस तेवढे चुकवा. चारच तासांचा रस्ता, दिवसाउजेडी पोचता, बिघडलंच तर बेळगावचा मेस्त्री दुपारपर्यंत येऊ शकतो. मनालीचं वाचलेलं डिझेल मोजा, त्यात शेडचे पत्रे आणि निदान दोन खांब तरी येतात. बाकीच्या दोन खांबांचं वहिनींशी बोलून ठरवा.